उत्तर आधीच ठरलेले असेल, तर प्रश्न विचारू नये: ख्रिस्ती कोचिंगचे प्रशिक्षण देणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
ख्रिस्ती कोचिंगचे अभ्यासक्रम आखणारे व शिकवणारे सर्व प्रशिक्षक, तसेच आपापल्या मंडळीत ही सेवा सुरू करू पाहणारे पाळक व वडीलजन यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

गेली अकरा वर्षे मी विश्वासणाऱ्या माणसांसोबत एकेकट्याने बसून त्यांच्या आयुष्यातील निर्णय, सवयी, नातेसंबंध आणि पाचारण यांविषयीचे बोलणे ऐकत आलो आहे. या सेवेचे पहिले धडे मी आपल्यासारख्याच प्रशिक्षकांकडून घेतले, त्यामुळे हे पत्र बाहेरून केलेली टीका समजू नये. कोचिंग हा शब्द ऐकला की मराठी माणसाला आधी शिकवणीचा वर्ग आठवतो, जिथे फळ्यापाशी उभ्या असलेल्याला उत्तर येत असते आणि बाकावर बसलेल्याने ते उतरवून घ्यायचे असते. आपण ज्या सेवेला हे नाव दिले आहे, तिथे बाकावरच्या माणसाने बोलायचे असते आणि फळ्यापाशी कोणीच नसते. तरीही आपल्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणारे शिकाऊ मी पाहतो, तेव्हा त्यांच्या हातात प्रश्नांची यादी असते, मनात उत्तर तयार असते, आणि फळा त्यांनी हळूच परत भिंतीवर लावलेला असतो. मीही हेच केले होते, म्हणून मला ते लगेच ओळखू येते.

ती गोष्ट आधी सांगतो. सेवेच्या तिसऱ्या वर्षी एक तरुण माझ्याकडे येत असे. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावे की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने थांबावे असे माझे मत पहिल्या भेटीतच झाले होते, पण कोचने मत द्यायचे नसते हे मी शिकलो होतो. म्हणून चौथ्या भेटीत मी अगदी मृदू आवाजात विचारले, “देव तुला अजून थोडा काळ इथेच ठेवू इच्छितो, असे तुला वाटत नाही का?” तो क्षणाचाही विलंब न लावता “हो, तसेच असावे” असे म्हणाला. आम्ही प्रार्थना केली आणि मी समाधानाने घरी गेलो. दीड वर्षाने तो भेटला तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो एवढेच म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही विचारले नव्हते, सांगितले होते. सरळ सांगितले असते, तर मी तुमच्याशी वाद तरी घातला असता.”

त्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो मुद्दाही नाही. मी त्याच्याकडून वाद घालण्याचा हक्क काढून घेतला होता. उघडपणे दिलेला सल्ला नाकारता येतो, पण प्रश्नाचा वेष घातलेला सल्ला नाकारायला माणसाला जागाच सापडत नाही, कारण उत्तर तर त्याच्याच तोंडून आलेले असते. पुढे तो निर्णय जड जाऊ लागला की दोष द्यायलाही त्याच्यापाशी स्वतःखेरीज कोणी उरत नाही.

आपल्या हस्तपुस्तिकांमध्ये बंद प्रश्न आणि खुले प्रश्न असा भेद शिकवला जातो. तो उपयोगी आहे, पण तेवढ्याने भागत नाही, कारण मराठीत प्रश्नाचा कल बहुतेक वेळा एखाद्या लहानशा शब्दात लपलेला असतो आणि खुला प्रश्नही त्यातून सुटत नाही. “रोज वचन वाचतोस ना?” यातला ‘ना’ होकार मागूनच घेतो. “प्रार्थना तरी केलीस का?” यातला ‘तरी’ म्हणजे अर्धा ठपका आहे. “तू त्यालाच का सांगितलेस?” यातल्या ‘च’ने निकाल आधीच दिलेला आहे. नुसता ‘का’ घ्या: “मंडळीत येणे का थांबवलेस?” या प्रश्नाने माणूस लगेच आरोपीच्या जागी जाऊन उभा राहतो आणि बचाव सुरू करतो. “येणे थांबले, त्या सुमारास काय काय घडत होते?” असे विचारले तर तोच माणूस आठवू लागतो. प्रशिक्षणाची हस्तपुस्तिका दुसऱ्या भाषेतून आपल्याकडे आली, की हे बारकावे वाटेत गळून जातात. मग शिकाऊ व्याकरणाने खुले पण स्वराने बंद असे प्रश्न विचारत राहतो आणि समोरची व्यक्ती मोकळी का होत नाही याचे त्याला नवल वाटते. ‘विचारणे’ हे क्रियापद आपल्या भाषेत ‘विचार’ या शब्दाशी जोडलेले आहे, हे मी नव्या शिकाऊंना आवर्जून सांगतो. ज्याने समोरच्याचा विचार सुरू होत नाही, त्याला विचारणे कसे म्हणावे?

येथे कोणी म्हणेल की मंडळीच्या परंपरेत ठरलेल्या उत्तरांचे प्रश्न पूर्वापार आहेत. ते खरेच आहे. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत 129 प्रश्न आहेत, वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरावलीत 107, आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्याखाली छापलेले आहे. त्या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाचे शिक्षण दिले, आणि हायडेलबर्गच्या पहिल्याच प्रश्नाने, जीवनात व मरणात तुझे एकमेव सांत्वन काय या प्रश्नाने, कितीतरी मरणासन्न माणसांना आधार दिला असेल. मात्र तिथे विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांनाही ठाऊक असते की आपण शिकवणीला बसलो आहोत. फसवणूक तिथे सुरू होते, जिथे मी तुझ्या मनाचा शोध घेतो आहे असे भासवतो आणि प्रत्यक्षात माझ्या मनातले उत्तर तुझ्याकडून वदवून घेतो.

प्रश्न ही मुळातच सौम्य, निरुपद्रवी गोष्ट आहे, हा समजही आपल्या वर्गांमध्ये फार लवकर रुजतो. पवित्र शास्त्रातील पहिला प्रश्न सर्पाचा आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, बागेतील कोणत्याही झाडाचे फळ खाऊ नका असे देवाने खरेच सांगितले काय, असे तो स्त्रीला विचारतो, आणि त्या विचारण्यातच देवाच्या आज्ञेचा विपर्यास बेमालूम मिसळलेला आहे. त्याच अध्यायाच्या नवव्या वचनात देवाचा पहिला प्रश्न येतो, “तू कोठे आहेस?” एकाच अध्यायातील हे दोन प्रश्न शेजारी ठेवून मी प्रशिक्षणाचा संपूर्ण पहिला दिवस घालवीन. एक प्रश्न माणसाला विचारणाऱ्याच्या हेतूकडे ओढून नेतो, तर दुसरा लपलेल्या माणसाला स्वतःची जागा स्वतःच्या तोंडून सांगण्याची संधी देतो. आदामाने दिलेले उत्तर फारसे चांगले नाही हे आपण जाणतोच. तरी संधी खरी होती.

आपण नेहमी प्रभू येशूच्या प्रश्नांचे उदाहरण देतो, आणि ते योग्यच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडचे पहिले शब्दच “तुम्ही काय शोधता?” असा प्रश्न आहेत. आंधळ्या बार्तीमयाची गरज साऱ्या गर्दीला दिसत होती, तरीही मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे त्याने त्याला विचारले. परंतु या उदाहरणांवरून आपण एक निष्कर्ष घाईने काढतो, तो म्हणजे येशूला उत्तर ठाऊक असूनही तो विचारत असे, तेव्हा आपल्यालाही उत्तर ठाऊक असले तर बिघडले कुठे. याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की मनुष्याच्या ठायी काय आहे हे त्याला ठाऊक होते. आपल्याविषयी असे कोठेही लिहिलेले नाही. त्याचे माहीत असून विचारणे आणि आपले माहीत आहे असे समजून विचारणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ज्या शिकाऊला हे अंतर दिसले नाही त्याला प्रमाणपत्र देण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या एका प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो, तो पवित्र शास्त्रातील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला आहे. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आहे, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देव त्या वेळी त्याला काहीही विचारत नाही. दूत येतो, भाकर आणि पाणी ठेवतो, एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला उठवून खायला घातले जाते. मग चाळीस दिवस व चाळीस रात्रींची वाट आणि होरेबची गुहा. त्यानंतर पहिला प्रश्न येतो, “एलीया, तू येथे काय करतोस?” थकून गेलेल्या, झोप उडालेल्या, उपाशी माणसासमोर ‘पुढच्या पाच वर्षांत तू स्वतःला कुठे पाहतोस’ असली यादी उघडणाऱ्यांनी ही आधीची आठ वचने पाठ करावीत.

पुढचे आणखी लक्ष देण्याजोगे आहे. एलीया उत्तर देतो की मी एकटाच उरलो आहे. वारा, भूकंप, अग्नी आणि मग मंद वाणी यांच्यानंतर तोच प्रश्न जशाचा तसा पुन्हा विचारला जातो, आणि एलीयाचे उत्तरही जवळजवळ शब्दशः तेच येते. आपल्यापैकी कोणीही इथे निराश झाला असता. प्रश्न फसला असे समजून आपण यादीतला दुसरा प्रश्न काढला असता, किंवा मागच्या भेटीतही तुम्ही हेच म्हणाला होतात असे सुनावले असते. देव त्याच्या उत्तराशी वाद घालत नाही. तो त्याला परतीच्या वाटेला लावतो, तीन जणांना अभिषेक करण्याचे काम देतो, आणि अगदी शेवटी सांगतो की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार मी इस्राएलात राखून ठेवले आहेत. ‘एकटाच’ या शब्दाची दुरुस्ती झाली, पण ती प्रश्नातून काढून घेतलेली नाही. सरळ माहिती म्हणून सांगितली आहे. विचारण्याची वेळ आणि सांगण्याची वेळ इथे वेगळ्या ठेवल्या आहेत. तो तरुण माझ्याकडून जे मागत होता, ते बहुधा हेच होते.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की सांगण्याची पद्धतही अभ्यासक्रमात उघडपणे शिकवावी. कोचने मत देऊच नये हा नियम इतक्या कठोरपणे शिकवला गेला, की मते प्रश्नांच्या पोटात शिरून चोरवाटेने बाहेर येऊ लागली. “आता मी विचारत नाही, माझे मत सांगतो आहे, ते तुम्ही बाजूला ठेवू शकता” हे एक वाक्य शिकाऊंना बोलता आले, तर अनेक खोटे प्रश्न आपोआप थांबतील. व्यावसायिक कोचिंगकडून आपण पुष्कळ घेतले आहे. 1992 पासून प्रसिद्ध झालेली ध्येय, वास्तव, पर्याय आणि निश्चय अशी चार पायऱ्यांची मांडणी आपल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात शिकवली जाते, आणि तिचा मला स्वतःला फायदा झाला आहे. पण त्या मांडणीत पहिली पायरी, म्हणजे ध्येय, समोरच्या व्यक्तीचे असते आणि त्याला सहसा हात लावला जात नाही. ख्रिस्ती माणसाचे ध्येय स्वतःच वचनाच्या उजेडात तपासले जाण्याची शक्यता असते, आणि ही तपासणी चलाख प्रश्नांनी उरकता येत नाही. ती करायची असेल तर परवानगी मागून, नाव घेऊन करावी, नाहीतर करू नये.

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी आपल्यापेक्षा अधिक नीट विचार केलेला दिसतो. जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, याने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथातील पंधराव्या सूचनेत म्हटले आहे की साधना देणाऱ्याने साधकाला एका पर्यायाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, आणि निर्माणकर्त्याला त्याच्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा. हा ग्रंथ 1548 साली पोपच्या मान्यतेने प्रसिद्ध झाला; आपण प्रॉटेस्टंट असलो तरी तेवढे वाचायला हरकत नसावी. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने 25 डिसेंबर 1738 रोजी आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले, त्यांत दर भेटीत विचारायचे प्रश्न आहेत आणि ते आजच्या कोणत्याही यादीपेक्षा कठोर आहेत: मागच्या भेटीनंतर कोणती ज्ञात पापे घडली, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली. मात्र हे प्रश्न कोणावर अचानक येऊन आदळत नसत. गटात येण्यापूर्वीच त्या व्यक्तीला विचारले जाई की तुझे दोष तुला स्पष्टपणे सांगितले जावेत अशी तुझी इच्छा आहे काय. आणि बैठकीत आधी एकाने स्वतःची स्थिती सांगायची, मग इतरांना विचारायचे, असा क्रम होता.

हा क्रम मी वडीलजनांसमोर मुद्दाम ठेवतो, कारण अधिकार असलेल्या माणसाचा प्रश्न कधीही पूर्ण मोकळा नसतो. जो पाळक बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, कमिटीवर कोण असावे हे ठरवतो, त्याने कितीही प्रेमाने “मनात काय आहे ते बोल” म्हटले, तरी समोरची व्यक्ती आधी परिणामांचा हिशेब करते. त्यात तिचा काही दोष नाही. शक्य असेल तिथे कोच आणि पाळक ही दोन माणसे वेगळी असावीत. शक्य नसेल तिथे पाळकाने निदान कोणासमोर तरी स्वतः नियमाने प्रश्नांना बसावे आणि मंडळीला ते ठाऊक असावे. स्वतःला कोणी विचारत नाही असा माणूस इतरांना विचारण्यात फार लवकर तरबेज होतो. ते तरबेजपण मला अलीकडे भीतिदायक वाटू लागले आहे.

गुप्ततेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण नियम सर्वांना ठाऊक आहेत आणि मोडण्याची रीतही. “या बहिणीसाठी प्रार्थना करा, फार कठीण काळातून जात आहे” असे प्रार्थनासभेत म्हणणे हा भंगच आहे, नाव घेतले नाही तरी. खाजगी बोलणे प्रार्थनेचा विषय होऊन मंडळीभर फिरल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या व्यक्तीने त्यानंतर कोणाच्याच कोणत्याही प्रश्नाला खरे उत्तर दिले नाही.

शांततेवर मात्र थोडे थांबावे लागेल. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्यापाशी सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. आपल्या सरावाच्या तासांत प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद कोणी बोलले नाही तर प्रशिक्षकच अस्वस्थ होतात, शिकाऊ घाईने प्रश्नाची फोड करतो, दोन-तीन पर्याय पुरवतो, आणि समोरची व्यक्ती त्यांतला सोपा पर्याय उचलते. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात मनुष्याच्या मनातील मसलत खोल पाण्यासारखी आहे आणि समंजस मनुष्य ती बाहेर काढतो असे म्हटले आहे. खोल विहिरीत सोडलेला पोहरा पाण्याला टेकेपर्यंत वेळ लागतो, आणि वर उभे राहून दोर हलवत राहिल्याने तो लवकर भरत नाही. माझी सूचना अशी की सरावाच्या मूल्यमापनात शिकाऊने किती चांगले प्रश्न विचारले याच्या जोडीला तो किती वेळा बोलायचे थांबला, हेही निरीक्षकाने लिहून ठेवावे. कोचच्या बोलण्याने अर्ध्याहून अधिक वेळ व्यापला असेल, तर त्या भेटीला शिकवण म्हणावे, कोचिंग म्हणू नये.

आणि काही ठिकाणी प्रश्न थांबलेच पाहिजेत. कोणी मारहाण किंवा लैंगिक छळ सांगू लागले, लहान मूल धोक्यात आहे असे कळले, जगण्याची इच्छा उरली नाही असे कोणी म्हणाले, किंवा बोलण्यातून गंभीर मानसिक आजार दिसू लागला, तर “यातून देव तुला काय शिकवत आहे असे वाटते?” हा प्रश्न निष्ठुर आहे. तिथे सुरक्षितता आधी पाहायची, सरळ बोलायचे, डॉक्टर, समुपदेशक किंवा कायद्याची मदत मिळवून द्यायची, आणि गुप्ततेची मर्यादा कुठे संपते हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेले असायचे. जगण्याची इच्छा नाही असे म्हणणाऱ्याला तू स्वतःला इजा करण्याचा विचार करतो आहेस का, असे स्पष्ट विचारावे लागते. त्या एका ठिकाणी बंद प्रश्नच योग्य आहे. आपल्या अनेक अभ्यासक्रमांत या विषयाला शेवटच्या दिवशी दुपारचा अर्धा तास मिळतो, तो वाढवून पूर्ण दिवस करावा आणि पहिल्या आठवड्यात आणावा.

प्रश्नांच्या याद्या पूर्णपणे रद्द कराव्यात असे मी म्हणत नाही. पोहायला शिकताना काठ धरावा लागतोच. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक शिकाऊने, यादीतला प्रश्न तोंडातून बाहेर काढण्यापूर्वी, याचे उत्तर मला ठाऊक आहे काय आणि अनपेक्षित उत्तर आले तर ते मला चालणार आहे काय, हे स्वतःशी पाहावे. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर तो प्रश्न त्याने गिळून टाकावा आणि मत असेल तर मत म्हणून सांगावे. पवित्र आत्मा त्या दुसऱ्या माणसातही कार्य करतो, यावर आपला विश्वास किती आहे, हे आपल्या सिद्धांतांपेक्षा या छोट्या तपासणीत अधिक स्पष्ट दिसते.

आपल्या पुढील वर्षाच्या अभ्यासक्रमाची आखणी सुरू असेल, तर पहिल्या वर्गात शिकाऊ म्हणून बसण्याची परवानगी मला द्यावी, ही विनंती आहे. माझ्या सरावाच्या भेटी संबंधितांच्या संमतीने इतरांनी ऐकाव्यात, ‘ना’, ‘तरी’ आणि ‘च’ कुठे कुठे घुसले ते मोजावे, आणि मला सर्वांसमोर सांगावे. तो तरुण आता स्वतः या सेवेत आहे. निरीक्षक म्हणून येशील का, असे मी त्याला विचारले आहे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत आहे.

ख्रिस्तात आपला,
या सेवेतील एक सहकारी